दोन सेकंदांची चूक, पन्नास सेकंदांची चूक

२७ जुलै २०२१. टोकियो ऑलिम्पिक, महिलांच्या कायाक स्लॅलमची फायनल. सगळ्यात शेवटी ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स पाण्यात उतरली. तिच्या आधी जर्मनीची रिकार्डा फुंक एकाही दांड्याला न शिवता १०५.५० सेकंदांत खाली पोचली होती. फॉक्सची वेळ स्क्रीनवर आली, १०६.७३. ब्राँझ.

पण या आकड्याच्या पोटात आणखी एक आकडा आहे. फॉक्सला पाण्यावर प्रत्यक्षात लागले १०२.७३ सेकंद, म्हणजे फुंकपेक्षा पावणेतीन सेकंद कमी. उरलेले ४ सेकंद दंडाचे. दोन ठिकाणी दांड्याला स्पर्श झाला, प्रत्येकी २ सेकंद. त्यातला एक स्पर्श टळला असता तरी सोनं तिचं होतं.

अन्याय झाला का? मला तसं वाटत नाही. नियम तिला माहीत होते, सगळ्यांना सारखे होते. पण त्या ४ सेकंदांमुळे मला एक वेगळाच प्रश्न पडला आणि तो अजून पाठ सोडत नाही. चुकीची किंमत ठरवता येते का? आणि एकदा किंमत ठरली, ती भरली, की चूक संपते का?

आधी खेळ थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे हा फारसा कुणी बघत नाही. (नर्मदेवर महेश्वरला, अहिल्याबाईंच्या गावी, सहस्रधारेच्या खडकाळ प्रवाहात याच्या राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा झाल्या आहेत. बहुतेकांना तेही माहीत नसतं.) खळाळत्या पाण्यावर दोन-दोन दांडे लटकवून गेट केलेली असतात, साधारण १८ ते २५. हिरवी गेट प्रवाहाबरोबर पार करायची, लाल गेट प्रवाहाच्या उलट, खालून वर येऊन. कायाकमध्ये बसतात आणि वल्ह्याला दोन्हीकडे पातं असतं. कनूमध्ये गुडघ्यांवर असतात आणि पातं एकच. होडी, वल्हं, हेल्मेट, शरीर, कशाचाही दांड्याला स्पर्श झाला की २ सेकंद. गेट हुकलं की ५० सेकंद. सगळी शर्यतच शंभरेक सेकंदांची, त्यामुळे ५० म्हणजे खेळ खल्लास.

आणखी एक गंमत आहे. ज्या मांडणीवर शर्यत होणार, तिच्यावर आधी सराव करता येत नाही. काठावरून चालत बघायचं, दुसऱ्या कुणीतरी केलेली प्रात्यक्षिक फेरी बघायची, मनात रेघ आखायची आणि थेट उतरायचं. पहिलीच वेळ हीच खरी वेळ.

२०२४चा सीझन मी जमेल तसा फोनवर पाहिला, कधी रात्री उशिरा, कधी लोकलमध्ये उभ्याने. मे महिन्याच्या शेवटी आउग्सबुर्ग, तिथला १९७२च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेला आइसकनाल. मग जूनमध्ये प्राग आणि क्राकूफ. मध्ये पॅरिस. सप्टेंबरमध्ये इटलीतलं इव्रेआ आणि शेवटी स्पेनमधलं ला सेउ द'उर्जेल. दर वेळी पाणी वेगळं, गेटची मांडणी वेगळी, पण दंडाचं कोष्टक तेच. आणि दर वेळी तेच दृश्य. खाली पोचलेला खेळाडू धापा टाकत मागे वळून स्क्रीनकडे बघतोय, आपल्या वेळेपुढे २ लागले की नाही.

बघता बघता मला या कोष्टकाचं कौतुक वाटायला लागलं. कारण रोजच्या जगात आपण नेमकी हीच गोष्ट बिघडवून ठेवली आहे.

इस्राएलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. पाळणाघरातून मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. काही पाळणाघरांनी उशिराला दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो वाढला. आधी पालकांना ताईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड आल्यावर ती लाज गेली, कारण आता ते पैसे मोजत होते. नंतर दंड काढून टाकला तरी उशीर पूर्ववत झाला नाही. लाज एकदा विकली की परत मिळत नाही.

हैफा लांब राहिलं, आपल्या ई-चलानचंच घ्या. सिग्नल तोडल्याचा मेसेज आला की पहिला विचार काय येतो? 'राहू दे, लोकअदालतीत कमी करून मिळेल.' सिग्नलला कुणीतरी रस्ता ओलांडत होतं हा विचार त्या मेसेजमध्ये कुठेच नसतो. तिथे फक्त रक्कम असते.

दंड आणि किंमत यांत हाच फरक आहे. दंड म्हणतो, 'हे करायचं नव्हतं.' किंमत म्हणते, 'करायचं असेल तर इतके पडतील.' आकडा तोच असू शकतो, वाक्य वेगळं असतं.

मग स्लॅलमचे २ सेकंद दंड आहेत की किंमत? वरवर पाहिलं तर किंमतच. सगळे खेळाडू दांड्याला खेटून जाणारी रेघ निवडतात. लांबून वळसा घेतला तर वेळ जातो, जवळून गेलं तर स्पर्शाची भीती. हा सरळ हिशोब आहे. १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये हाच स्पर्श ५ सेकंदांना पडायचा. पुढे तो २ वर आला आणि धाडस स्वस्त झालं.

पण नियमपुस्तकात एक बारीक कलम आहे. गेट पार करणं सोपं जावं म्हणून दांडा मुद्दाम ढकलला, तर २ नाही, ५० सेकंद. इथे मी थांबलो. म्हणजे २ सेकंद विकत घेता येत नाहीत! स्वस्त दंड फक्त त्याच्यासाठी आहे जो स्पर्श टाळायचा प्रयत्न करत होता. 'दोनच सेकंद जातील ना, चालतंय' म्हणून हात घातलात, तर त्या क्षणी कोष्टक बदलतं. वाण्याच्या बिलावर चू. भू. दे. घे. छापलेलं असतं, तसंच हे. चूकभूल द्यावी-घ्यावी. पण मुद्दाम कमी तोलणाऱ्याला त्या चार अक्षरांचा आसरा नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडेही दोन कोष्टकं आहेत, वॉर्निंग आणि एरर. वॉर्निंग आली तरी प्रोग्रॅम चालतो, एरर आली की थांबतो. आणि आमच्या धंद्यातली बरीचशी हुशारी एररला वॉर्निंग ठरवण्यात खर्च होते.

मी काम करत असलेल्या एका प्रोजेक्टमध्ये लोकांना ऑनलाइन अर्ज भरता येईल असं अ‍ॅप बनत होतं. त्यातलं जन्मतारीख निवडायचं कॅलेंडर स्क्रीन रीडरला वाचताच येत नव्हतं. जन्मतारीख भरणं सक्तीचं. म्हणजे दृष्टिहीन माणूस फोनवर बोट फिरवत, ऐकत ऐकत तिथपर्यंत यायचा आणि तिथेच अडकायचा. कॅलेंडर नव्याने लिहायला दोन आठवडे लागणार होते. करारात उशिराचा दंड मोठा होता आणि 'किरकोळ त्रुटीं'चा छोटा. मीटिंगमध्ये कुणी दुष्टपणे बोललं नाही. कुणीतरी शांतपणे म्हणालं, "ती पेनल्टी बजेटमध्ये धरलीय. पुढच्या रिलीजला बघू."

मी म्हणालो, ही त्रुटी किरकोळ नाही. ज्याला अर्ज करताच येत नाही, त्याच्यासाठी अ‍ॅप अस्तित्वातच नाही. माझं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं आणि रिलीज ठरल्या तारखेला झाला. ते तिकीट अजून उघडं आहे. दर प्लॅनिंगला मी ते वर आणतो, दर वेळी ते खाली सरकतं.

स्लॅलमच्या भाषेत, आम्ही एक अख्खं गेट सोडलं आणि पावती २ सेकंदांची फाडली. तीसुद्धा आगाऊ.

यावर एक रास्त आक्षेप आहे. जग असंच चालतं, प्रत्येक निर्णयात काहीतरी सोडावं लागतं, मग त्याचा हिशोब केला तर बिघडलं काय? हिशोबाला माझी ना नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की हिशोबाच्या टेबलावर कोण बसलं होतं. फॉक्सच्या वल्ह्याचा दांड्याला धक्का लागला तेव्हा नुकसान तिचंच झालं. दांडा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. शिवाय शर्यतीतल्या प्रत्येकीला ते कोष्टक मान्य होतं. आमच्या करारावर दोन कंपन्यांच्या सह्या होत्या. चुकीचा दंड एक कंपनी दुसरीला देणार आणि चूक सोसणार तिसराच, ज्याला कुणी विचारलेलं नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्यापर्यंत जो दंड पोचतच नाही, तो भरून चूक फिटत नाही. फक्त फाइल बंद होते.

आता पॅरिस. २८ जुलै २०२४, पुन्हा महिलांच्या कायाकची फायनल. टोकियोत निर्दोष उतरलेली फुंक, मधल्या काळात जगज्जेतीही झालेली, या वेळी एक गेट हुकली. ५० सेकंद. सोनं मिळालं फॉक्सला, ९६.०८ सेकंदांत. तीन दिवसांनी तिनं कनूतलंही सोनं घेतलं.

फुंकनं गेट मुद्दाम सोडलं होतं का? अर्थातच नाही. मग तिला इतकी जबर शिक्षा का? मला वाटतं, ५० सेकंद हा तिच्या हेतूवरचा शेरा नाहीच. ते फक्त एक वस्तुस्थिती सांगतात, की जे करायचं होतं ते झालेलं नाही. स्पर्श झाला तर काम झालं, पण नीट नाही. गेट हुकलं तर काम झालंच नाही. दोन्हींच्या मध्ये प्रमाणाचा नाही, जातीचा फरक आहे. आणि तो मान्य करणं माणसाला हीन लेखणं नव्हे. पुढच्या स्पर्धेत फुंकचंही घड्याळ शून्यापासूनच सुरू होतं.

या खेळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. गेट हुकल्याचं वेळेत लक्षात आलं, तर वळून, प्रवाहाच्या विरुद्ध वल्हवत परत वर जाता येतं. ते गेट नीट पार करून मग पुढे जायचं. हे बघायला भयंकर वाटतं. सगळं पाणी खाली ओढत असतं, जिंकायची आशा संपलेली असते आणि तो माणूस दात-ओठ खात वर चाललेला असतो. त्यात बरेच सेकंद जातात, पण सहसा ५० जात नाहीत. सोडून पुढे जाण्यापेक्षा परतून दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

माझ्या मते चांगल्या दंडाची हीच परीक्षा आहे. दंड भरून पुढे जाणं सोपं की मागे जाऊन चूक सुधारणं सोपं? हैफातला दंड या परीक्षेत नापास होतो, आपलं चलान होतं, आमचा करारही होतो. तिथे वर परत जाण्याइतकं महाग काहीच नाही आणि पुढे वाहत जाण्याइतकं स्वस्त काहीच नाही.

त्यामुळे 'चुकीची किंमत ठरवता येते का' याचं माझं उत्तर आहे, हो, काही चुकांची येते. चूक अनवधानाने झालेली असेल, सोसणारा आणि भरणारा एकच असेल, आणि काम झालेलं असेल, तर २ सेकंद घ्या आणि विसरून जा. अशा चुकांवर माणसाला आयुष्यभर टोचत राहणं हाही क्रूरपणाच. पण यातलं एकही नसेल, तर आकडा कितीही मोठा असो, ती किंमत नव्हे. तिथे वळावंच लागतं, पाणी कुठेही ओढत असलं तरी.