जगाचा संघ आणि गावाचा संघ

गेल्या नाताळच्या सुटीत आमचा नातू न्यू जर्सीहून आला तो डोक्यावर निळी टोपी घालूनच. ही लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाची टोपी, असे त्याने मला बजावले. न्यू जर्सीच्या मुलाने पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या शहराची टोपी का घालावी, असे मी विचारताच त्याने एका शब्दात माझा निकाल लावला : "ओहतानी!"

मग चहा निवेपर्यंत २०२५ सालच्या वर्ल्ड सीरिजची हकीकत झाली. बेसबॉल हा तुम्हां-आम्हांला क्रिकेटचा सातासमुद्रापलीकडचा चुलतभाऊ. तोंडवळा ओळखीचा, पण बोलणे कळत नाही. मला कळले ते एवढेच की, डॉजर्सनी टोरोंटोच्या संघाला सातव्या सामन्यात हरवले.

"पण काय रे," मी म्हटले, "१९०३ पासून तुम्ही तिला जागतिक मालिका म्हणता. तिच्यात जग आहे कुठे?"

"टोरोंटो कॅनडात आहे, आजोबा. आणि जग तिथेच येते की! ओहतानी जपानचा, यामामोटो जपानचा, शिवाय व्हेनेझुएलाचे आहेत, डोमिनिकन रिपब्लिकचे आहेत."

उत्तर बिनतोड होते, पण मला ते बोचले. जग येते हे खरे. पण जिथून येते तिथे मागे काय उरते?

आम्ही दोघांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खरीखुरी जागतिक लीग आखली. टोकियो, सोल, तैपेई, हवाना, सांतो डोमिंगो, कराकस, मेक्सिको सिटी, बोस्टन. तिकडे एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. टोकियोहून बोस्टनला इतक्या वेळा विमानाने जायचे म्हणजे खेळाडूंनी झोपायचे कधी, हा प्रश्न आम्ही उदारपणे विमान कंपन्यांवर सोपवला. अडलो ते एका नियमापाशी. मी म्हटले, "हवानाच्या संघात हवानाचीच मुले खेळतील."

"आणि एखाद्याला बोस्टनला खेळायचे असेल तर?"

मी गप्प बसलो. कारण हा नियम अमेरिकेत एकदा होऊन गेला आहे, निराळ्या वेषात. खेळाडू हा संघाच्या मालकीचा. संघाने सोडल्याखेरीज त्याने दुसरीकडे जायचे नाही, आणि संघाने पाठवले तर मुकाट जायचे. १९६९ साली सेंट लुईसने कर्ट फ्लडला असेच न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. तो गेला नाही, कोर्टात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला. खेळाडूंच्या पायांतली ती बेडी तुटली ती १९७५ च्या अखेरीस, दुसऱ्याच दोघांच्या तक्रारीवरून. गावाच्या प्रेमाचे नाव घेऊन मी पुन्हा तीच बेडी घडवीत होतो की काय?

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती नातवाच्या घराजवळची आहे. न्यू जर्सीतल्या नेवार्क गावी कृष्णवर्णीयांचा एक संघ होता, नेवार्क ईगल्स. गोऱ्यांच्या लीगची दारे बंद, म्हणून या लोकांनी आपली वेगळी लीग उभारली होती. ईगल्सचा कारभार एफा मॅन्ली नावाची बाई पाहत असे. १९४६ साली तिच्या संघाने आपल्या लीगचे अजिंक्यपद मिळवले. पुढच्याच वर्षी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळला आणि दार उघडले. उघडायलाच हवे होते. त्याबद्दल दुमत असणारा माणूस मला भेटू नये. पण त्या दारातून नेवार्कचा लॅरी डोबी क्लीव्हलंडला गेला, आणि प्रेक्षक रॉबिन्सनला पाहायला ब्रुकलिनला गेले. त्याआधी ब्रुकलिनने डॉन न्यूकम्बला नेले तेव्हा मॅन्लीबाईंच्या हातावर एक पैसा ठेवला नव्हता. १९४८ च्या हंगामानंतर संघ विकला गेला, गाव सोडून गेला. अन्याय संपला आणि त्याच्याबरोबर गावची शनिवार-रविवारची जत्राही संपली. या हानीची दाद मागायची कोणाकडे? डोबीकडे तर खास नाही.

आता व्यवहार सुधारला आहे. २०१७ च्या अखेरीस ओहतानी अमेरिकेला गेला तेव्हा त्याच्या होक्काइदोच्या संघाला दोन कोटी डॉलर मिळाले. ते मालकाला मिळाले. पायरीवर बसून पाच वर्षे त्याला ओरडून प्रोत्साहन देणाऱ्या म्हातारीला त्यातले काय मिळाले? (आपणही आयपीएलच्या लिलावात टाळ्या पिटतो, तेव्हा फार सोवळे होऊ नये हे उत्तम.) कोणी म्हणेल, ती म्हातारी दूरदर्शनवर त्याला पाहतेच ना! पाहते. मीही माझ्या नातवाला असाच पाहतो, दर रविवारी, पडद्यावर. त्याच्या बापाला मी अडवले नाही, आज विचारले तरी अडवणार नाही. पण पडद्यावर पाहणे आणि अंगणात पाहणे एकच, असे मला कोणी समजावू नये.

हे सारे मी नातवाला सांगितले, शेवटचे सोडून. त्याने थोडा वेळ पेन्सिल चावली आणि कॅलेंडरवर नववे नाव लिहिले : नेवार्क.

"टोपी कोणती घालशील मग?"

टोपी काढून त्याने ती गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "आधी तिथे खेळणार कोण ते सांगा."