अंधारातली ओळख

पाप नेमके कोठे घडते, या प्रश्नाची उत्तरे थोर माणसांनी फार उंचावर जाऊन शोधली आहेत. तेवढे चढायचे म्हटले की माझ्यासारख्या पांढरपेशाला धाप लागते. म्हणून मी या प्रश्नाला बारमध्ये बसूनच हात घालतो. तिथे निदान खुर्ची मऊ असते.

आता आमच्या कोल्हापुरातही बार म्हणजे नुसती पडदे लावलेली परमिट रूम राहिलेली नाही. ग्लासाच्या काठावर लिंबाची चकती अडकवलेली कॉकटेल्स येतात आणि मेनूकार्ड फ्रेंच बोलते. त्यातले ‘अन्यन सूप’ म्हणजे कांदा मंद आचेवर परतून परतून केलेला रस्साच. वर पावाचा तुकडा आणि चीज. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेला ते पथ्याचे वाटते, तरी माणूस ‘वा!’ म्हणतो. किमतीचाही काही मान ठेवावा लागतो.

आपला दारूबंदीचा कायदा १९४९ चा, आणि तो अजून हयात आहे. प्रकृती राखण्यासाठी मद्याचा परवाना, अशी सोय त्यात आहे. म्हणजे कागदोपत्री इथे चैन कोणी करतच नाही. रात्री आठच्या सुमारास एवढी मंडळी प्रकृतीची काळजी घेताना पाहिली की ऊर भरून येतो. फक्त या उपचाराला दिवे मंद लागतात.

आमचे एक स्नेही अशा बैठकीला येतात ते ‘आपण थेंबाला शिवत नाही’ असे जाहीर करूनच. परवा त्यांनी ‘कॉक ओ व्हँ’ मागवले. जून कोंबडा सहजी शिजेना, तेव्हा तो वाइनमध्ये बराच वेळ रटरटत ठेवायचा, ही फ्रेंचांची जुनी युक्ती. स्नेह्यांनी पावाने ताट पुसून घेतले आणि वेटरला विचारले, “काय रे, ह्यात आंबट कशाचं? कोकम?”

“वाइन हाय साहेब. आख्खी बाटली.”

स्नेही क्षणभर गप्प. मग म्हणाले, “शिजवल्यावर उडून जाते.”

सगळी उडत नाही, थोडी उरतेच. पण मी शास्त्र मध्ये आणले नाही. वेटरनेही नाही. “व्हय साहेब, उडती की,” म्हणून त्याने ताट उचलले. एका सद्गृहस्थाची अब्रू त्या पोराने चार शब्दांत वाचवली.

आता पाप कोठे? कोंबड्यात नाही. मला विचाराल तर ग्लासातही ते ठरत नाही. ते ठरते दुसऱ्या दिवशी सकाळी, कपिलतीर्थ मंडईत. रात्री ज्याने आपल्याला सांभाळून घेतले तो समोरून पिशवी घेऊन येतो, आणि भली भली माणसे एकाएकी वांगी निरखू लागतात. तोही हाक मारत नाही. चारचौघांत नमस्कार केला तर साहेबांची पंचाईत होईल, हे त्याला धंद्याने शिकवलेले असते. पुढे त्याच्या लग्नाची बोलणी निघतात. “मुलगा काय करतो?” “बारमध्ये आहे.” “मग नको.” हे ‘नको’ म्हणणारा गृहस्थ कधीकधी त्याच बारमध्ये चौथ्या टेबलावर बसणारा असतो.

कोण काय पितो यापेक्षा कोणाच्या हातचे पितो आणि ते मानतो का, हा प्रश्न या गावाला नवा नाही. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. त्या काळी अस्पृश्य म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? शाहू महाराज तिथे गाडी थांबवून, भर रस्त्यात, लोकांच्या डोळ्यांदेखत चहा प्यायले. तोच चहा राजवाड्यात गुपचूप मागवला असता तर महाराजांची तहान भागली असती, पण कांबळ्यांचे हॉटेल चालले नसते. जातीचा तो दाह आणि वेटरची ही उपेक्षा एका तागडीत घालू नये, हे मलाही कळते. पण उजेडात ओळख दिल्याने काय होते, ते त्या कपाने दाखवले.

याचा अर्थ प्रत्येकाने आपले पिणे चव्हाट्यावर मांडावे, असा नाही. दारूने धुळीला मिळालेले संसार आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. तेव्हा पिण्याची लाज उगीच आलेली नाही. पण लाज ज्याची त्याने बाळगावी. आपण करतो काय, तर बिल स्वतः भरतो आणि लाज मात्र वाढणाऱ्याच्या खात्यावर मांडतो. ती टीप ठेवून फिटत नाही.

सकाळी मंडईत भेटला तर थांबून विचारावे, “काय, बरं आहे ना?” एवढ्याला परवाना लागत नाही. आणि प्रकृतीलाही ते चांगलेच.