पाहुणे कोणाचे?

भंडारा जिल्ह्यातील सानगडी या गावचा आमचा एक जुना विद्यार्थी सध्या नोकरीनिमित्त परप्रांती असतो. त्याचे आईवडील नागपूरहून प्रथमच विमानाने निघावयाचे होते. विमान सुटेपर्यंतचा वेळ सुखाचा जावा म्हणून त्याने आपल्या क्रेडिट कार्डास जोडून वडिलांच्या नावाचे एक पुरवणी कार्ड काढले, आणि विमानतळावर 'लाऊंज' म्हणून जो विश्रामकक्ष असतो त्यात बसून निवांत जेवावे, वेगळे पैसे पडत नाहीत, असे त्यांस समजाविले. वडिलांनी सर्व ऐकून घेतले व इतकेच विचारले, "पर तेथं आपुन कोनाचे पाव्हने?" विद्यार्थ्यास उत्तर सुचले नाही, म्हणून त्याने तो प्रश्न आमच्याकडे पाठविला.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हा कक्ष बहुधा सुरक्षा-तपासणीच्या पलीकडे असतो. दाराशी कार्ड व बोर्डिंग पास दाखवावा लागतो आणि दोहोंवरील नाव एकच असावे लागते. कार्ड खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी यंत्रातून रुपया-दोन रुपये कापले जातात. आत मऊ आसने, विजेची सोय, वर्तमानपत्रे, आणि एका बाजूस मांडून ठेवलेले अन्न : इडली, उपमा, भात, वरण, चहा. बसण्याची मुदत साधारण दोन-तीन तासांची. पुष्कळ ठिकाणी विमानाची घोषणा आत ऐकू येत नाही. सबब फलकावर लक्ष ठेवावे, कारण विमान सुटण्याच्या सुमारे 25 मिनिटे आधी दार बंद होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका कार्डावर बहुधा एकच मनुष्य आत जातो. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने केलेल्या व्यवस्थेत वडील आत आणि आई बाहेर, असा प्रकार झाला असता. पदरचे पैसे भरून तिलाही आत नेता येते, हे खरे. पण त्या पैशांत बाहेर दोघांचे जेवण होऊन वर काही उरेल.

आता मूळ प्रश्न. यजमान कोण? कक्ष चालविणारा नव्हे. त्यास प्रत्येक माणसामागे बँकेकडून पैसे मिळतात. मग बँक म्हणावी, तर ती हे पैसे आणते कोठून? वार्षिक वर्गणीतून, दुकानदाराच्या विक्रीतून कापलेल्या हिश्श्यातून, आणि ज्याला महिन्याचे देणे वेळेवर फेडता आले नाही त्याच्याकडून घेतलेल्या जबर व्याजातून. कित्येक बँकांनी तर अलीकडे अशी अट घातली आहे की, मागील तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच हे दार उघडेल. तेव्हा ताटातील इडली कोणा अज्ञात ऋणकोने वाढलेली असणे अगदीच अशक्य नाही. आतल्या मंडळींस याची वार्ता नसते. उपकार कोणाचे मानावयाचे हे ठाऊक नसले म्हणजे मनुष्य 'वसुली'च्या बुद्धीने जेवतो. ताटे भरभरून घेऊन अर्धी टाकून उठणारे सभ्य गृहस्थ आम्ही तेथे पाहिले आहेत. हेच गृहस्थ एखाद्याच्या घरी पाहुणे असते, तर पानात शीत टाकण्यास शरमले असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, यापेक्षा आपल्या जुन्या धर्मशाळा बऱ्या. तेथे थकवा हाच परवाना होता. हे म्हणणे गोड आहे, पण आम्हांस ते सबंध पटत नाही. थकवा सर्वांचाच परवाना नव्हता. 1901 साली सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावर काही मुले वडिलांकडे जावयास उतरली. त्यांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी ममतेने बोलला. ती महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवाले त्यांना गाडीत घेईनात. अखेर गाडीवान पायी चालला व गाडी मुलांनीच हाकली. त्यांतील एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ही हकीकत त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत नमूद केली आहे. सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या व चालविलेल्या विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी 1923 साली मंजूर करवून घेतला. तो करावा लागला यातच सर्व आले. ज्याला यजमान असतो त्याला यजमानाच्या चौकशीसही तोंड द्यावे लागते. लाऊंजच्या दाराशी असलेले यंत्र कुळी विचारीत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना ओसरीवर कोणी टेकू दिले नाही, त्यांस कोणाचाही पाहुणा नसणे ही उणीव वाटणार नाही, सुटका वाटेल. आणि ते योग्यच आहे. ज्या विमानतळावरून हे जोडपे निघावयाचे होते त्यास आज डॉ. आंबेडकरांचेच नाव आहे. याच भंडारा मतदारसंघातून ते 1954 ची पोटनिवडणूक लढले आणि हरले.

तरीही यंत्र काहीच विचारीत नाही असे नव्हे. विमानकंपनीचा असा पहिला कक्ष 1939 साली न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर उघडला तो निवडक निमंत्रितांसाठी. तेथे माणसाची प्रतिष्ठा पाहात, येथे त्याचा खर्च पाहातात. आगगाडीचा तिसरा वर्ग 1974 साली नाहीसा झाला, पण वर्गाची हौस गेली नाही.

म्हणून विद्यार्थ्यास आम्ही लिहिले की, वडिलांस सांग, तुम्ही कोणाचेच पाहुणे नाही. मिंधेपणा वाटू देऊ नका, ऐटही नको, लागेल तेवढे घ्या. मात्र आईला बाहेर बसवून आत जाणे आमच्या मनास येत नाही. विमानतळाची परीक्षा आम्ही बाहेरच्या दालनावरूनच करू : पाण्याचा नळ चटकन सापडतो काय, म्हाताऱ्या माणसास पाठ टेकता येते काय, चहाची किंमत काय. 2024 च्या डिसेंबरात कोलकात्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' नावाचे एक उपाहारगृह सरकारने उघडविले. तेथे 10 रुपयांत चहा मिळू लागला, आणि तो कार्ड न दाखविताही मिळतो.