मुठीतली वाळू आणि डॉक्टरेट

नोकरी सांभाळून डॉक्टरेट करणाऱ्याचे आपल्याकडे फार कौतुक होते. दिवाळीला आलेले पाहुणे हमखास विचारतात, "एवढा वेळ काढता तरी कसा हो?" मलाही सात वर्षे हा प्रश्न विचारला गेला आणि दर वेळी मी पहाटे चारला उठण्याची हकिकत सांगितली. ती खोटी नव्हती, अपुरी होती. माझ्या पदवीत कोणाकोणाचे काय गेले, हा प्रश्न मला पदवी हाती आल्यावर पडला. तोवर सवडच नव्हती.

माझा विषय इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग. यंत्र बनवणारा इंजिनिअर वेगळा. आम्ही त्या यंत्राशेजारच्या माणसाला दिवसातून किती वेळा वाकावे लागते ते मोजतो. ब्रिटनमध्ये १९९२ पासून अशी इंजिनिअरिंग डॉक्टरेट सुरू झाली की जिचा प्रश्नच उद्योगातून यावा. अमेरिकेतही तशी पदवी आहे. आपल्याकडे नोकरदाराचा रस्ता बहुधा पार्ट-टाइम पीएच.डी.चा. नाव काहीही असो, कच्चा माल एकच : आपली रोजची नोकरी, आणि तिथली माणसे.

मी बेळगावच्या एका फौंड्रीत होतो. ओतकामातले रिजेक्शन कमी करणे आणि मोल्डिंगला लागणारा वेळ ठरवणे, हे माझे काम आणि हाच माझा प्रबंध. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी घालतात. पाणी शेकडा तीन-चारच्या आसपास हवे. जास्त झाले तर तापल्या लोखंडाने वाफ होऊन मालात ब्लोहोल पडतात. कमी झाले तर साचा ढासळतो. आमच्याकडे हे मोजायचे उपकरण होते. पण अण्णा (सगळेच त्यांना अण्णा म्हणत) वाळूची मूठ आवळायचे, गोळा दोन बोटांनी मोडायचे, मोडलेली कड पाहायचे आणि म्हणायचे, "हद बंतु." कानडीतला हा 'हद' म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा वाफसा. कमीही नाही, जास्तही नाही, आत्ताच. हा शब्द इंग्रजीत कसा लिहावा, यात माझे कितीतरी दिवस गेले. शेवटी 'मॉइश्चर कंटेंट' लिहून आकडा टाकला. आकडा बरोबरच होता. पण चैत्रातली मूठ आणि आषाढातली मूठ यांत अण्णा जो फरक करत, तो त्या आकड्यात उतरला नाही.

मग घड्याळ आले. टाइम स्टडीत नुसते सेकंद टिपून भागत नाही. कामगार किती झपाट्याने काम करतो आहे याचा अंदाज पाहणाऱ्याने करायचा, त्या टक्क्याने वेळ गुणायचा, वर थकव्याची सूट घालायची. हे शास्त्र आहे खरे, पण त्या टक्क्यात पाहणाऱ्याची मर्जी किती, हे पाहणाऱ्यालाच ठाऊक. अण्णा एकदा म्हणाले, "साहेब, तुम्ही घड्याळ धरला की माझा हात माझा राहत न्हाई बघा."

त्यांनीच मला एक गोष्ट दाखवली. चाळण आणि रॅमर ते डाव्या हाताला, ठरावीक उंचीवर ठेवत. दर साच्याला एक वळसा वाचे. दिवसभरात वाचलेली ती मिनिटे त्यांची स्वतःची होती. त्यात ते भिंतीला टेकून गुडघा चोळत बसत. मी ते प्रबंधात 'सुधारित मांडणी' म्हणून लिहिले, तक्त्यासकट. कारखान्याने तो तक्ता उचलला आणि नवा नॉर्म लावला. आधी ज्या साच्यापासून इन्सेंटिव्ह सुरू होई, तो आकडा वर सरकला. तरुण पोरांनी तो गाठला. अण्णांना गाठता आला नाही.

माझे गाईड म्हणाले, "मुठीतले ज्ञान कागदावर आले नाही, तर अण्णा रिटायर होतील तेव्हा तेही जाईल." हे मी नाकारत नाही. रिजेक्शन खरोखर घटले, आणि नव्या पोराला तीन वर्षांत जे येते ते आता लवकर येते. तरी माझे मन मानत नाही. प्रबंधाला कंपनीचे परवानगीपत्र जोडले होते. अण्णांना कोणी विचारले नाही, मीही नाही. तक्ता देताना 'यावरून नॉर्म लावू नका' एवढे मी म्हणू शकलो असतो. माझी फी कंपनी भरत होती. म्हणालो नाही.

लिलियन गिलब्रेथ या बाईंची आमच्या शास्त्रात मोठी कीर्ती आहे. त्यांचा पहिला प्रबंध कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाने पदवीला धरला नाही, कारण आवारात राहण्याची अट पुरी झाली नव्हती. तोच १९१४ साली पुस्तक होऊन निघाला. मग दुसरा प्रबंध लिहून १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली, मुलांचा रगाडा सांभाळून (पुढे एकूण बारा मुले झाली). आम्ही विद्यार्थी हे भारावून ऐकायचो. घरात सासूबाई होत्या आणि नोकरमाणसे होती, हे कोणी सांगत नसे. माझ्या घरी वडिलांचे दवाखाने बायकोने केले, हेही मी पाहुण्यांना सांगत नसे. पण बाईंचे एक मला महत्त्वाचे वाटते. १९१६ मध्ये नवऱ्याबरोबर त्यांनी थकव्यावरच एक अख्खे पुस्तक लिहिले. वाचलेला वेळ कामगाराच्या विश्रांतीकडे जावा की मालकाच्या उत्पादनाकडे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी त्यांना दिसला होता. मला भिंतीला टेकलेले अण्णा रोज दिसत असून दिसला नाही.

बांधीव प्रबंध घेऊन मी अण्णांच्या घरी गेलो. वाळूचे प्रकरण जमेल तसे कानडीत करून वाचले. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "इदु नमग गोत्तित्तल्री." हे तर आम्हाला ठाऊकच होतं की. आवाजात राग नव्हता. मग डाव्या हाताची मांडणी कुठे आहे विचारले. मी पान काढून दिले. आकृतीवर बोट ठेवून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यात माझं नाव कुठं हाय, साहेब?"

आभाराच्या पानावर 'सर्व कामगार बंधू' असे होते. मी ते पान उघडले नाही. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या.