दोन केसांचे अंतर

चांगले आणि वाईट यांतून चांगले ओळखणे बहुधा कठीण नसते. कठीण असते ते ओळखल्याप्रमाणे वागणे. परंतु चांगले आणि जवळजवळ तितकेच चांगले यांतून एक निवडण्याची वेळ आली म्हणजे भल्याभल्यांची मती कुंठित होते. आश्चर्य असे की, ज्या प्रश्नाचे उत्तर काहीही आले तरी फारसे बिघडत नाही, त्याच प्रश्नावर मनुष्य आपला सर्वांत अधिक वेळ आणि उत्साह खर्च करतो. या प्रवृत्तीची नैतिक बाजू तपासून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणि त्यासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते शिकाऱ्याच्या काडतुसाचे.

वाचकांपैकी कित्येकांस हे उदाहरण रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहो. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार बंद केली, आणि ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. तथापि अमेरिकेत हरणांची शिकार आजही परवान्याने चालते. ती मुळात चालावी की नाही, हा प्रश्न मोठा असून त्याचा निकाल येथे लागावयाचा नाही. पण जेथे ती चालते तेथे जनावर हाल न होता मरावे, एवढी अपेक्षा तरी शिकारीच्या विरोधकासही करता येते. निवडीचा प्रश्न येथे नुसता आवडीनिवडीचा राहत नाही तो याच कारणाने.

अमेरिकन शिकाऱ्यांत एकबारी रायफल बाळगणाऱ्यांचा एक निष्ठावंत वर्ग आहे. जॉन ब्राउनिंग याने १८७९ मध्ये अशा एका रायफलीचे पेटंट घेतले, आणि विंचेस्टर कंपनीने १८८५ मध्ये ती बाजारात आणली. पुढे पेटीच्या रायफली सर्वत्र झाल्यावरही रुगर कंपनीने १९६७ मध्ये नवी एकबारी रायफल काढली व ती लोकप्रिय झाली. या रायफलीत जादा काडतुसांची पेटी नसते. एक काडतूस हाताने नळीत सरकवावे, मागचा पोलादी ठोकळा वर चढवून नळी बंद करावी, आणि एकच बार काढावा. दुसरा बार हवा असल्यास सारी क्रिया पुन्हा पहिल्यापासून. जवळ एकच गोळी आहे या जाणिवेने मनुष्य सावध होतो, असे या रायफलीचे चाहते म्हणतात, व त्यात तथ्य आहे.

आता या एका बारासाठी काडतूस कोणते घ्यावे? विंचेस्टरने १९२५ मध्ये .२७० या नावाचे काडतूस काढले, आणि रेमिंग्टन कंपनीने १९५७ मध्ये .२८० या नावाचे. दोन्ही अमेरिकन सैन्याच्या १९०६ सालच्या .३०-०६ या काडतुसाच्या घराण्यातील. एकाच्या गोळीचा व्यास .२७७ इंच, दुसरीचा .२८४ इंच, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील सात भागांचा फरक. माणसाच्या डोक्यावरचे दोन-तीन केस शेजारी ठेवले तर एवढी रुंदी भरेल! १९५२ मध्ये आलेले .३०८ हे काडतूस .३०-०६ पेक्षा बारा मिलिमीटरने आखूड. पण गोळी दोहोंची त्याच व्यासाची. दीडशे ग्रेनांची गोळी दोहोंतून सेकंदास अठ्ठावीसशे-एकोणतीसशे फूट वेगाने सुटते, आणि त्या वेगांतील तफावत शंभर फुटांच्या आसपास. काडतूस आखूड असल्याचा लाभ पेटीच्या रायफलीस मिळतो, कारण तिची यंत्ररचना आखूड करता येते. एकबारी रायफलीत पेटीच नाही. तेव्हा तोही लाभ जवळजवळ संपला.

असे असूनही या काडतुसांवरून दोन-तीन पिढ्या वाद झाले. जॅक ओकॉनर हा प्रसिद्ध लेखक, जो काही काळ अॅरिझोना विद्यापीठात वृत्तपत्रविद्या शिकवीत असे, तो .२७० चा कैवारी. तर एल्मर कीथ हा मोठ्या व जड गोळीचा पुरस्कर्ता. या दोघांच्या मतभेदात निदान काही तत्त्व होते. एक वेगावर भर देई, दुसरा वजनावर. पण त्यांच्यामागून सात सहस्रांश इंचांवरून जे हमरीतुमरीवर आले, त्यांच्याविषयी काय म्हणावे? रेमिंग्टनने तर १९७९ मध्ये आपल्या .२८० चे केवळ नाव बदलून पाहिले, आणि नव्या नावाने घोटाळा होऊ लागल्यावर काही वर्षांत जुने नाव पुन्हा घेतले. आत काडतूस तेच. बारसे मात्र दोनदा झाले.

फरक कसे जन्मास येतात याचा एक दाखला आपल्याही इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या रायफलींस मनाई केली. सैन्यातल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीचा व्यास तोच असल्यामुळे दारूगोळा बंडखोरांच्या उपयोगी पडेल, ही भीती. तेव्हा इंग्लंडातील बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी भावंडे भराभर काढली. त्यांचे बल इतके सारखे की, त्यांतील निवड हत्तीच्या दृष्टीने निरर्थक होती. हे फरक हत्तीसाठी झालेच नव्हते. ते कायद्यासाठी झाले होते.

याचा अर्थ सर्वच बारीक फरक पोकळ असतात, असे मात्र नव्हे. १८७३ च्या .४५-७० काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेली कडा असते. जुन्या धर्तीच्या एकबारी रायफलीत रिकामे नळकांडे त्या कडेला धरून सहज ओढले जाते. जिथे दुसरा बार आधीच उशिराने निघतो, तिथे नळकांडे अडकून बसणे ही गोष्ट लहान नव्हे. तसेच खांद्यास बसणाऱ्या धक्क्याचे. ज्यास धक्क्याची धास्ती वाटते तो चाप ओढताना अंग चोरतो, नेम हलतो, आणि हरणाच्या काळजाऐवजी पोटात गोळी शिरते. यावरून आमची कसोटी अशी की, जो फरक शेवटी त्या जनावरापर्यंत पोहोचतो तो विचारात घ्यावा. जो कोष्टकातच राहतो त्यावर झोप घालवू नये.

कसोटी लावूनही दोन काडतुसे सारखीच उरली, तर काय करावे? येथे तत्त्वज्ञानातील एक जुना वाद आठवतो. दोन सारख्या गवताच्या भाऱ्यांमध्ये उभे राहून उपाशी मेलेले गाढव चौदाव्या शतकातील ब्युरिडान या पंडिताच्या नावावर चालते, जरी त्याच्या उपलब्ध ग्रंथांत ते सापडत नाही. त्याच्याही आधी, अकराव्या शतकाच्या अखेरीस, अल-गझाली याने हाच प्रश्न दोन खजुरांवरून मांडला होता. भुकेल्या माणसापुढे अगदी सारखे दोन खजूर ठेवले आणि एकच घेण्याची मुभा दिली, तर तो एक उचलतोच. सारख्यांतून एक वेगळे काढणे हेच इच्छाशक्तीचे लक्षण, असे त्याचे म्हणणे. ते आम्हांस मान्य आहे. त्यापुढे आम्ही एवढेच जोडू की, अशी निवड उचलताना योग्य किंवा अयोग्य नसते. ती पुढे पाळल्याने योग्य ठरते. .२७० घेणारा जर तीच गोळी वर्षानुवर्षे वापरील, शंभर, दोनशे, तीनशे यार्डांवर ती किती खाली येते हे हाताने शिकेल, तर त्याची निवड उत्तम झाली. दर हंगामास काडतूस बदलणाऱ्याची निवड कितीही अभ्यासपूर्ण असो, ती वायाच गेली.

यावर कोणी म्हणेल की, बारकाव्याची काळजी घेणारा माणूस मोठ्या गोष्टींतही काळजी घेईल. मग त्याच्या छंदास दोष का द्यावा? कधी कधी असे घडते खरे. परंतु आमच्या मते बारीक निवडीचा मोह मुळात उपजतो तो निराळ्याच कारणाने. त्या निवडीस बुद्धी लागते, पण संयम लागत नाही. खरे कर्तव्य याच्या उलट आहे. सांज झाली, झुडपाआड जनावर अर्धेच दिसते, अंतर आपल्या सरावाबाहेरचे आहे, आणि दिवसभराच्या पायपिटीनंतर चापावर बोट आहे. अशा वेळी बोट मागे घेणे हे कर्तव्य. गोळी चुकीची लागलीच, तर अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढीत जाणे हेही कर्तव्य. ही दोन्ही कोणत्याच काडतुसाबरोबर विकत मिळत नाहीत. कोष्टके चाळून आलेला मनुष्य मात्र आपण आपले काम आधीच पुरे केले, अशा समाधानात रानात शिरतो.

आपल्या पुराणकथांनी हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. दशरथाचा शब्दवेधी बाण नेमका लागला. घागर भरण्याचा आवाज हत्तीचा समजला गेला, ही चूक बाणाची नव्हती. पंडूने मृगरूपातील किंदम ऋषीस मारले, तेव्हा ऋषीचा आक्षेप मृग मारण्यावर नव्हता. समागमाच्या क्षणी थांबला नाहीस, यावर होता. दोन्ही राजांपाशी उत्तम शस्त्र व उत्तम नेम होता. उणीव होती ती थांबण्याची.

रायफल न पाहिलेल्या घरांतही हे घडते. दरवर्षी जून महिन्यात दोन सारख्याच महाविद्यालयांतून एक निवडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे हैराण झालेली आम्ही पाहतो. प्रवेश मिळाल्यावर मुलगा पुस्तक उघडतो की नाही, याची चौकशी तितक्या आस्थेने होत नाही. निवड झाली म्हणजे कार्य झाले, असा समज दोन्हीकडे सारखाच. फरक इतकाच की, मुलाच्या चुकीची भरपाई पुढे करता येते. पोटात गोळी घेऊन रानात नाहीशा झालेल्या हरणाची करता येत नाही. म्हणून सारख्यांतून एक लवकर उचलावे, आणि वाचलेला सारा वेळ ते चालविणाऱ्या हाताच्या शिक्षणास द्यावा, हेच आम्हांस शहाणपणाचे व धर्माचेही वाटते.