हुन्नराची निवड

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की टक्केवारीवरून मुलाच्या बुद्धीची प्रत ठरवून मोकळे होण्याचा जो प्रघात आपल्या घरांतून पडला आहे, त्याचे सर्वांत अनिष्ट फळ हे, की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा अर्ज हा इतर सर्व दरवाजे बंद झाल्यावर भरावयाचा कागद मानला जातो.

भारत सरकारने 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि 1961 च्या कायद्याने कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घेणे भाग पाडले, तेव्हा उद्योगांना मनुष्यबळ पुरविण्याची तजवीज तर झालीच; परंतु माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी घडली, की बलुतेदारीत जे कसब जन्माने वाट्यास येई, ऐरणीबरोबर गावातील पायरीही जिथे वारशाने मिळे, तेच कसब आता कोणाच्याही मुलास किंवा मुलीस स्वेच्छेने पत्करता येऊ लागले. हा अधिकार आपल्या पूर्वजांना नव्हता. ज्यांनी तो रूढी मोडून स्वतः घेतला, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर होते: चित्रकला शिकावयास मुंबईस गेलेला हा तरुण, रंग ओळखण्यात दृष्टी उणी पडते असे दिसताच यांत्रिक रेखनाकडे वळला, पुढे शिक्षकाची नोकरी सोडून लोखंडी नांगराच्या मागे लागला, आणि 1910 साली औंध संस्थानातील ओसाड माळावर त्याने कारखाना उभारला.

हातांच्या कामात बुद्धी लागत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी फिटरच्या वर्गात थोडा वेळ उभे राहावे. वाईसमध्ये पोलादाचा ठोकळा धरून मुले कानशीने घासत असतात. कानस पुढे जाताना दोन्ही हातांचा भार तोलला गेला नाही, की कडा झिजून मधला भाग फुगीर राहतो, आणि गुण्या टेकवून ठोकळा उजेडासमोर धरला म्हणजे पात्याखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसू लागते. ती रेघ नाहीशी होईपर्यंत पुन्हा घासणे, मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शापर्यंत माप घेणे आणि आपली चूक आपल्याच डोळ्यांनी पाहणे, यांत जो विवेक घडतो, तो पाठांतराने मिळविलेल्या गुणांत मला क्वचितच आढळतो.

वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टर्नर यांना मागणी आहे, हे खरे. तथापि केवळ मागणीवर विसंबून धंदा निवडू नये, कारण यंत्रे पालटतात. मापाची आणि धातूची जाण ज्याच्या अंगी मुरली, तो हातलेथवरून संगणकनियंत्रित यंत्राकडे वळू शकतो. मात्र कंत्राटदाराच्या हाताखाली अल्प वेतनावर, कायम होण्याच्या आशेवर, वर्षानुवर्षे राबविल्या जाणाऱ्या कुशल कामगाराची दैना मी नाकारीत नाही, आणि ज्या समाजास त्याचे काम हवे असते तोच सोयरीक जुळविताना त्याची इभ्रत कमी लेखतो, याचा मला मनापासून विषाद वाटतो. या अन्यायाविरुद्ध पालकांनी मुलाच्या पाठीशी उभे राहावे. अर्जावर सही करताना पुढील शिक्षणाची वाट खुंटेल अशी धास्तीही बाळगू नये: दोन वर्षांचा व्यवसाय उत्तीर्ण झालेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेता येतो, आणि तेथून अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत मार्ग मोकळा आहे.