वाळूखालची अनामत



पूर्व आफ्रिकेजवळ, झांझिबार द्वीपसमूहात पेंबा नावाचे बेट आहे. तेथील बहुतेक लोक मुसलमान असून पुष्कळांची उपजीविका समुद्रावर चालते. पेंबाच्या पश्चिमेस मिसाली हे चिमुकले बेट. लोककथा अशी की, हजरत खिज्र (अ.) यांनी तेथील कोळ्यांकडे नमाजसाठी मुसल्ला मागितला. त्यांच्याजवळ तो नव्हता; तेव्हा, हे बेटच आपला मुसल्ला, असे ते म्हणाले. या कथेची सनद मी देऊ शकत नाही. मात्र ज्या भूमीला लोक मुसल्ला मानतात, तिथल्या वाळूत काय दडले आहे ते पाहा.

रात्री समुद्री कासवाची मादी किनारा चढते, खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू लोटते आणि निघून जाते. मागे राखणदार कोणी नाही. सुमारे दोन महिने वाळूच ती अंडी उबवते. त्यांतून निघालेली मादी अंडी घालण्याजोगी होण्यास वीसहून अधिक वर्षे लागू शकतात. मग बहुधा ती जन्मभूमीच्या किनाऱ्याकडेच परतते. म्हणून आज सगळी अंडी उकरून नेली तरी पुढची कित्येक वर्षे जुन्या माद्या येतच राहतात. नेणाऱ्याला वाटते, काहीच बिघडले नाही. किनारा ओस पडतो तेव्हा तो म्हातारा झालेला असतो, किंवा कबरीत असतो.

ज्याचा पुरावा इतक्या उशिरा येतो, त्या अपराधाला पहारेकरी कसा पुरणार? १९९८ साली मिसाली संरक्षित झाले. थोडा भाग मासेमारीस बंद झाला, उरलेले पाणी कोळ्यांसाठी खुले राहिले. तरी निव्वळ नियमांनी भागेना. तेव्हा मशिदी आणि मदरशांतून हाच विषय खिलाफत आणि अनामत या शब्दांत मांडला गेला. शब्द ओळखीचे होते, म्हणून ते मनाला भिडले.

एका प्रवासात सहाबांनी पक्षिणीची पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन घिरट्या घालू लागली, तेव्हा आदरणीय प्रेषितांनी (स.) पिल्ले परत ठेवायला लावली. कासवी तर घिरट्याही घालत नाही. कासव हलाल की हराम, यावर फकीहांमध्ये चर्चा आहे. पण इथे प्रश्न ताटापुरता नाही. अर्थात, ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला नुसता उपदेश करणेही बरे नव्हे. त्याची भूक ही वस्तीची जबाबदारी आहे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि गावकरी ती राखतात. माझ्या खुतब्यांत मात्र हा विषय आजवर एकदाही आला नाही. नोव्हेंबरपासून माद्या येऊ लागतात. त्याआधीचा एक जुमा मी यासाठी राखून ठेवला आहे.